खोडी, दांडगाई आणि पाहणारे

शाळेतून परतलेल्या मुलाने वर्गातील कुणाविषयी तक्रार केली, की मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर मिळत आले आहे : "अरे, चालायचंच! पोरं खोड्या करणारच." उत्तर प्रेमाने दिलेले असते, आणि पुष्कळदा ते खरेही असते. खोडीला दोन बाजू असतात. आज याने त्याची टोपी लपवावी, उद्या त्याने याची वही लपवावी, आणि परवा दोघांनी मिळून एकाच डब्यातली पोळी खावी, हा शाळकरी वयाचा रिवाजच आहे. परंतु ज्या वर्गात टोपी रोज एकाचीच लपते आणि हसणारे रोज बाकीचेच असतात, तेथे 'खोडी' हा शब्द अपुरा पडतो. तेथे जे घडते ते वेगळे असते, आणि त्याला वेगळे नाव देण्यास जगाला बराच काळ लागला.

आपल्या भाषेत त्यासाठी शब्द नाहीत असे नव्हे. दांडगाई, दंडेली, दादागिरी, गुंडगिरी असे अनेक आहेत. मात्र हे सगळे शब्द अंगबळाचे आहेत. ते उच्चारताच डोळ्यांपुढे उगारलेला हात येतो. न मारता, न ओरडता, केवळ बाकावर शेजारी न बसून, खेळात न घेऊन, नावाऐवजी व्यंगावरून हाक मारून जो छळ होतो, तो या शब्दांत मावत नाही. मुलांच्या बोलीत 'कट्टी' आहे; पण कट्टी दोघांतली असते आणि तिच्या पाठोपाठ बट्टी ठरलेली असते. सगळ्या वर्गाने मिळून एकाशी धरलेली कट्टी ही कट्टी राहत नाही. मोठ्यांच्या जगात तिला 'वाळीत टाकणे' म्हणतात. मोठ्यांच्या अशा बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा केला. सहावीच्या वर्गातील अकरा-बारा वर्षांच्या मुलीला तेच सोसावे लागते, तेव्हा मात्र ती 'मैत्रिणींची भांडणं' ठरतात.

या प्रश्नाची जाणीव निरनिराळ्या देशांत कशी होत गेली, हे पाहिले असता एक गोष्ट ठळकपणे लक्षात येते. सुरुवातीला सर्वांचे लक्ष छळणारा आणि छळ सोसणारा, या दोघांकडेच होते. एकाला शिक्षा करावी, दुसऱ्याला धीर द्यावा, एवढाच उपाय सुचत होता. प्रत्येक ठिकाणी ठेच लागल्यानंतरच तिसऱ्याकडे लक्ष गेले. हा तिसरा म्हणजे पाहणारा. कधी तो वर्गातला मुलगा असतो, कधी व्हऱ्हांड्यातून जाणारे शिक्षक असतात.

आपल्याकडील एक उदाहरण सर्वांस ठाऊक आहे, पण ते या दृष्टीने क्वचितच वाचले जाते. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमराव रामजी आंबेडकरांचे आरंभीचे शालेय शिक्षण साताऱ्यास झाले. तेथे त्यांना बसण्यासाठी घरून गोणपाटाचा तुकडा न्यावा लागे आणि शाळा सुटल्यावर तो परत आणावा लागे, कारण तो झाडणारा नोकरही त्यास शिवत नसे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडून द्यावा लागे. ज्या दिवशी शिपाई नाही, त्या दिवशी पाणी नाही. हे त्यांनी स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात गणित सोडवण्यासाठी त्यांना फळ्याकडे बोलावले असता, फळ्याच्या मागे ठेवलेले आपापले डबे विटाळू नयेत म्हणून वर्गातील मुलांनी धावाधाव केली, असा प्रसंग त्यांच्या चरित्रात नोंदलेला आहे.

अस्पृश्यता आणि शाळकरी दांडगाई या एकच गोष्टी नव्हेत. पहिली समाजाने धर्माच्या नावाखाली उभी केलेली व्यवस्था होती आणि तिची तुलना वर्गातल्या भांडणाशी करणे अन्यायाचे होईल. तरीही डब्यांच्या त्या प्रसंगात लक्षात घेण्याजोगे असे आहे, की धावलेली मुले कुणी खलपुरुष नव्हती. घरी आणि शाळेत जे रोज पाहिले, तेच त्यांनी केले. वर्गात शिक्षक होते. याच्या उलट साताऱ्याच्या शाळेतील एका शिक्षकांची आठवण बाबासाहेबांनी पुढे कृतज्ञतेने सांगितली. मधल्या सुट्टीत या मुलाला जेवणासाठी घरी पळत जावे लागू नये म्हणून ते आपल्या डब्यातली भाजी-भाकरी त्याला देत. त्या काळी व्यवस्था बदलणे एका शिक्षकाच्या हाती नव्हते. मधली सुट्टी बदलणे मात्र होते, आणि ती त्यांनी बदलली.

त्याच शतकात इंग्लंडमधील श्रीमंतांच्या वसतिगृहयुक्त शाळांत वेगळ्या प्रकारचा छळ प्रतिष्ठा पावला होता. धाकट्या मुलांनी थोरल्या विद्यार्थ्यांची हरकामे करायची, त्यांचे बूट पुसायचे, चहा करायचा, हा तेथील रूढ शिरस्ता होता. रग्बी या शाळेचे मुख्याध्यापक १८२८ पासून डॉ. थॉमस आर्नोल्ड होते. त्यांच्याच शाळेत शिकलेल्या थॉमस ह्यूजेस यांनी १८५७ मध्ये 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' ही कादंबरी प्रसिद्ध केली. तीत फ्लॅशमन नावाचा दांडगट विद्यार्थी धाकट्या टॉमला शेकोटीसमोर धरून भाजतो. शाळकरी दांडगाईचे हे बहुधा सर्वांत गाजलेले साहित्यिक चित्रण असावे. मात्र कथानकातील एक तपशील सहज निसटून जातो. पुढे फ्लॅशमनला शाळेतून काढले जाते ते या क्रौर्यासाठी नव्हे. तो दारू पिऊन सापडतो म्हणून त्याला काढले जाते. टॉमचा छळ थांबतो तो टॉम आणि त्याचा मित्र दोघे मिळून फ्लॅशमनशी मारामारी करतात तेव्हा. मद्यपान हा शिस्तीचा भंग होता. लहान मुलाला होरपळवणे ही मुलांची आपापसातली बाब होती. 'मुलांचे मुलांनी पाहून घ्यावे' हे तत्त्व जवळजवळ सगळ्या जगाने पुढची शंभर वर्षे पाळले.

ते मोडण्याची सुरुवात स्वीडनमध्ये झाली. पीटर-पॉल हाइनेमान हे तेथील एक डॉक्टर. नाझी राजवटीच्या काळात जर्मनीतून ज्यू निर्वासित म्हणून ते लहानपणी स्वीडनला आले होते. त्यांनी दत्तक घेतलेला मुलगा कृष्णवर्णीय होता, आणि त्याला इतर मुले टोळक्याने घेरून त्रास देत. एकेकाळी स्वतः 'वेगळा' ठरलेल्या माणसाच्या घरी तेच पुन्हा आले. १९६९ मध्ये त्यांनी याविषयी लेख लिहिला आणि त्यात 'मॉबिंग' हा शब्द वापरला. तो त्यांनी प्राणिशास्त्रातून घेतला होता. लहान पक्षी थव्याने एखाद्या घुबडावर किंवा मांजरावर तुटून पडतात, त्या वर्तनासाठी तो शब्द कॉनराड लॉरेन्झ यांच्या ग्रंथामुळे परिचित झाला होता. कावळ्यांनी टोचून हैराण केलेली घार ज्याने पाहिली असेल, त्याला ही उपमा लगेच पटेल. स्वीडिश भाषेला शब्द मिळाला आणि आजवर ज्या गोष्टीवर बोलता येत नव्हते, त्यावर घरोघर बोलणे सुरू झाले.

उपमा समर्पक होती, पण तिच्यात एक खोट होती. ती दाखवून दिली डॅन ओल्वेउस या स्वीडनमध्ये जन्मलेल्या आणि पुढे नॉर्वेतील बर्गेन येथे काम केलेल्या मानसशास्त्रज्ञाने. थव्याच्या उपमेमुळे असे वाटू लागते की सगळा वर्ग क्षणिक आवेगात एकावर धावून जातो, आणि मग दोष कुणाचाच राहत नाही. ओल्वेउस यांनी १९७० च्या सुमारास शेकडो मुलांचा अभ्यास केला. तेव्हा दिसले की पुढाकार बहुधा एकाचा किंवा दोघा-तिघांचाच असतो, बळी तोच तो असतो आणि हे महिनोन्‌महिने चालते. १९७३ मध्ये त्यांचा ग्रंथ स्वीडिशमध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी केलेल्या व्याख्येतील तीन खुणा आजही जगभर वापरल्या जातात : दुखावण्याचा हेतू, पुनरावृत्ती आणि बळाची विषमता. बळ म्हणजे केवळ मनगटाचे नव्हे. मित्रांची संख्या, बोलण्यातला तरबेजपणा, वडिलांचा हुद्दा, हेही बळच. 'खोडी' आणि 'छळ' यांतील सीमारेषा या तीन खुणांनी आखता येते, आणि शिक्षक-पालकांसाठी तिच्याइतकी उपयोगी दुसरी रेषा क्वचितच सापडेल.

ओल्वेउस यांनी काही लोकसमजही मोडीत काढले. वर्ग मोठा असला की दांडगाई वाढते, हे आकड्यांनी सिद्ध होईना. दांडगट मुले आतून भित्री असतात, हेही खरे निघाले नाही. पुष्कळांचा आत्मविश्वास चांगलाच भक्कम होता. ज्याला चष्मा आहे, जो स्थूल आहे, ज्याची बोली वेगळी आहे, तोच बळी पडतो, या समजुतीलाही आधार मिळाला नाही. दिसण्या-बोलण्यातले वेगळेपण जवळजवळ प्रत्येक मुलात काही ना काही असतेच. ते छळाचे कारण नसते, निमित्त असते. छळणाऱ्याला हे निमित्त शोधावे लागत नाही, ते कुठेही मिळते.

बृहन्महाराष्ट्रातील मराठी शाळांना हा मुद्दा विशेष जवळचा वाटावा. या शाळांत माळव्यातील मराठी, बडोद्याची मराठी, विदर्भातून वा मराठवाड्यातून वडिलांच्या कामामागे आलेल्या कुटुंबांची मराठी, अशा अनेक मराठी एकाच बाकावर बसतात. 'पाणी'ला 'पानी' म्हणणारा नवा मुलगा पहिल्याच तासाला हास्याचा विषय होतो. तोच मुलगा संध्याकाळी वस्तीत गेला की मराठी म्हणून हिणवला जातो. एकाच दिवसात एकाच जिभेसाठी त्याला दोनदा हसतात. हसणाऱ्यांपैकी कित्येक जण वस्तीत स्वतः तेच सोसत असतात. अशा वर्गात शिक्षकाने शुद्ध उच्चार शिकवावेत की नाहीत, हा प्रश्नच नाही. ते शिकवलेच पाहिजेत. पण ते शिकवताना वर्गाबरोबर शिक्षकही हसले, तर निमित्तावर शाळेचीच मोहर उमटते.

१९८२ च्या अखेरीस नॉर्वेच्या उत्तर भागातील १० ते १४ वयोगटातील तीन मुलांनी आत्महत्या केल्या. सोबत्यांकडून झालेला तीव्र छळ हेच त्यामागचे संभाव्य कारण होते. वृत्तपत्रांनी विषय उचलला, देश हादरला, आणि १९८३ च्या शरद ऋतूत तेथील शिक्षण मंत्रालयाने राष्ट्रव्यापी मोहीम सुरू केली. शाळांसाठी ३२ पानी पुस्तिका, पालकांसाठी चार पानी पत्रक, २५ मिनिटांची चित्रफीत आणि मुलांनी नाव न लिहिता भरायची प्रश्नावली, असे तिचे साहित्य होते. सुमारे १ लाख ३० हजार विद्यार्थ्यांच्या उत्तरांवरून असे दिसले, की साधारण १५ टक्के मुले या प्रकारांत गुंतलेली होती. सुमारे ९ टक्के बळी म्हणून आणि ७ टक्के छळणारी म्हणून. काही थोडी मुले दोन्हीकडे होती. म्हणजे साधारणपणे प्रत्येक सातात एक. बहुतेक शिक्षकांना आपल्या वर्गातल्या या मुलाचे नाव सांगता आले नसते.

पुढची हकिगत अधिक बोधप्रद आहे, आणि ती तुलनेने कमी सांगितली जाते. मोहिमेचे साहित्य देशभर सारखेच गेले. बर्गेनमध्ये ओल्वेउस आणि त्यांचे सहकारी ४२ शाळांतील सुमारे अडीच हजार विद्यार्थ्यांचा सातत्याने मागोवा घेत होते. शाळांना त्यांच्याच प्रश्नावलीचे निष्कर्ष दाखवत होते, शिक्षकांशी बोलत होते. तेथे आठ महिन्यांनी आणि वीस महिन्यांनी पुन्हा विचारले असता छळाचे प्रमाण निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटलेले आढळले. त्याच देशाच्या रोगालांड परगण्यात साहित्य पोहोचले, पण पाठपुरावा तसा नव्हता. तीन वर्षांनी, १९८६ मध्ये, तेथे पाहणी झाली तेव्हा स्थिती सुधारलेली नव्हती. जेथे शाळेने स्वतः अधिक काम केले होते, तेथे फळ बरे होते. पुस्तिका तीच, चित्रफीत तीच. आजही परिपत्रक येते, सूचना फलकावर लागते, एखादे व्याख्यान होते आणि नोंदवहीत 'कार्यक्रम संपन्न' असे लिहिले जाते, तेव्हा रोगालांडची आठवण ठेवणे बरे.

छळणाऱ्या मुलांचे पुढे काय होते, हाही प्रश्न ओल्वेउस यांनी सोडला नाही. सहावी ते नववीच्या काळात दांडगट म्हणून ओळखल्या गेलेल्या मुलग्यांपैकी सुमारे ६० टक्के मुलांना वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत किमान एकदा न्यायालयात दोषी ठरवले गेले होते. 'मोठा झाला की सुधारेल' म्हणून सोडून दिलेल्या मुलाचेही नुकसानच होते, हे या आकड्याने दाखवून दिले. दांडगाई थांबवणे म्हणजे एका मुलाची बाजू घेऊन दुसऱ्याला दूर सारणे नव्हे. दोन्ही मुले शाळेचीच असतात.

जपानमध्ये या छळाला 'इजिमे' म्हणतात, आणि तेथील एका घटनेचा उल्लेख टाळता येत नाही. १९८५ च्या अखेरीस टोकियोतील एका माध्यमिक शाळेत मुलांनी आपल्या एका जिवंत वर्गबंधूच्या अंत्यसंस्काराचा 'खेळ' केला. त्याच्या बाकावर फोटो, फुले आणि उदबत्ती मांडली, आणि निरोपाच्या एका पुठ्ठ्यावर वर्गातील मुलांनी सह्या केल्या. त्या पुठ्ठ्यावर चार शिक्षकांच्याही सह्या होत्या. गंमत आहे असे त्यांना वाटले. १९८६ च्या फेब्रुवारीत त्या तेरा वर्षांच्या मुलाने जीवन संपवले. पुढे २०११ मध्ये ओत्सु शहरात आणखी एका मुलाचा असाच अंत झाल्यावर जपानने २०१३ मध्ये शाळकरी छळाच्या प्रतिबंधासाठी कायदा केला. त्यातील व्याख्येचा पाया छळणाऱ्याचा हेतू हा नाही. ज्याच्याशी ते वर्तन झाले, त्या मुलाला त्यातून मनःस्ताप झाला का, हा आहे. 'आम्ही गंमत करत होतो' या उत्तराला त्या व्याख्येत जागा उरली नाही.

पाहणाऱ्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास मात्र कॅनडा आणि फिनलंड येथे झाला. टोरांटोमध्ये डेब्रा पेपलर, वेंडी क्रेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळांच्या मैदानांवर दुरून छायाचित्रण केले आणि मुलांच्या अंगावर लहान ध्वनिग्राहक बसवले. मधल्या सुट्टीत प्रत्यक्ष काय चालते, हे मोठ्यांना प्रथमच मुलांच्या कानांनी ऐकायला मिळाले. छळाच्या बहुतेक प्रसंगांत इतर मुले हजर होती. मध्ये पडणारी मात्र थोडी होती. पण जेव्हा एखादे मूल मध्ये पडले, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा, ५७ टक्के प्रसंगांत, छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. मध्ये पडणे म्हणजे मारामारी करणे नव्हे. "चल रे, आपण तिकडे खेळू," एवढे म्हणून हात धरून नेणेही त्यात आले.

फिनलंडमध्ये क्रिस्तिना सालमिवाल्ली यांनी १९९६ मध्ये दाखवले की वर्गातील जवळजवळ प्रत्येक मुलाची अशा प्रसंगात काही ना काही भूमिका असते. कुणी छळणाऱ्याचा साथीदार असतो, कुणी हसून त्याला चेव आणतो, कुणी बाजूला होऊन काही न पाहिल्यासारखे करतो, आणि कुणी बळीची बाजू घेतो. यांतले हसणारे सर्वांत महत्त्वाचे, कारण दांडगाई हा एका अर्थाने रंगमंचीय प्रकार आहे; प्रेक्षक उठून गेले की खेळ पडतो. या संशोधनावर तुर्कू विद्यापीठात २००६ पासून 'किवा' हा कार्यक्रम उभा राहिला. फिनिश भाषेत 'किवा' म्हणजे छान, आणि 'छळाविरुद्ध' या अर्थाच्या दोन शब्दांचे ते संक्षिप्त रूपही आहे. २३४ शाळांत त्याची चाचणी झाली. त्यात परिणाम दिसल्यावर २००९ पासून तो देशभर पोहोचला.

भारतात या जाणिवेचा प्रवास उलट दिशेने झाला. तो शाळेतून महाविद्यालयाकडे न जाता महाविद्यालयात सुरू झाला, आणि शाळेपर्यंत पुरता पोहोचला असे अद्याप म्हणता येत नाही. वसतिगृहांतील 'रॅगिंग' हा इंग्रजी परंपरेतून आलेला प्रकार वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत रुजला आणि दीर्घकाळ 'ओळख करून घेणे' या गोंडस नावाखाली चालला. १९९६ मध्ये तामिळनाडूत एका वैद्यकीय विद्यार्थ्याची हत्या झाली, आणि १९९७ मध्ये त्या राज्याने रॅगिंगबंदीचा कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा. त्यात दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पण त्याहून लक्षणीय तरतूद अशी, की तक्रार येऊनही संस्थाप्रमुखाने कारवाई करण्यात हयगय केली, तर त्यानेच अपराधास साहाय्य केले असे मानले जाते. पाहून न पाहिल्यासारखे करणारा अधिकारी कायद्याच्या नजरेस आला तो असा.

२००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रॅगिंगविषयी मार्गदर्शक निकाल दिला. पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाचे माजी संचालक आर. के. राघवन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००७ मध्ये अहवाल सादर केला. तरीही मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका वैद्यकीय महाविद्यालयात मारहाणीत एक विद्यार्थी दगावला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम आले. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी आणि पालक यांचे प्रतिज्ञापत्र आले. माहिती मिळाल्यापासून २४ तासांत पोलिसांकडे तक्रार नोंदवण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखावर आली. आणि १८००-१८०-५५२२ हा मदतक्रमांकही आला.

शाळांची गोष्ट वेगळी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली, पण तिचा रोख मोठ्यांकडून होणाऱ्या छळाकडे आहे. मुलांकडून मुलांच्या होणाऱ्या छळाविषयी केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१५ मध्ये आपल्या शाळांना मार्गदर्शक सूचना दिल्या आणि शाळेत समिती नेमण्यास सांगितले. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे देशभर पसरला. तो शाळेच्या दर्शनी भिंतीवर असावा, हे खरेच. पण तो स्वच्छतागृहाच्या वाटेवर असला तर अधिक मुले तो वाचतील. दरम्यान मोबाइलने छळाला शाळेच्या वेळापत्रकातून मोकळे केले. पूर्वी घंटा झाली की निदान दुसऱ्या दिवसापर्यंत सुटका असे. आता वर्गाच्या समूहातून एकीला वगळून दुसरा समूह काढला जातो, आणि तिला ते रात्री अंथरुणात कळते. युनेस्कोच्या २०१९ च्या अहवालानुसार जगातील जवळजवळ तीनातल्या एका विद्यार्थ्याने मागील महिन्यात सोबत्यांकडून छळ सोसलेला असतो.

या सर्व अनुभवातून शाळेच्या रोजच्या व्यवहारात उतरण्याजोगे पुष्कळ काही हाती येते. त्यातले बरेचसे बिनखर्चाचे आहे. सर्वांत आधी विचारणे. वर्षातून दोनदा, नाव न लिहिता, मुलांना छळाचे प्रकार सोप्या मराठीत समजावून सांगून कागदावर उत्तरे घ्यावीत, आणि त्यात 'कुठे घडते' हा प्रश्न अवश्य असावा. ओल्वेउस यांच्या पाहणीत शाळेच्या वाटेवर जितका छळ होई त्याहून अधिक शाळेच्या आवारात होत असे. आवारातल्या आवारातही तो सारखा पसरलेला नसतो. पाण्याच्या टाकीमागची जागा, जिन्याचे वळण, प्रसाधनगृह, सायकल ठेवण्याची पडवी, बसमधले शेवटचे आसन, अशा ठरावीक जागा मुलांना तोंडपाठ असतात.

दुसरी अडचण 'चहाडखोर' या शब्दाची आहे. मराठी वर्गात हा शिक्का फार लवकर बसतो आणि पुसत नाही. एखाद्याला शिक्षा व्हावी म्हणून सांगणे ही चहाडी, आणि एखाद्याचा त्रास थांबावा म्हणून सांगणे ही मदत, हा भेद पहिली-दुसरीच्या मुलांनाही समजतो. तो गोष्टीतून, नाट्यछटेतून पुन्हा पुन्हा सांगावा लागतो. मात्र मुलाने धीर करून सांगितले आणि शिक्षकांनी ते लगेच भर वर्गात उच्चारले, तर त्या वर्गात पुन्हा कुणी काही सांगत नाही.

तिसरी चूक चांगल्या मनाचे शिक्षकच करतात. दोघांना खोलीत समोरासमोर बोलावून 'हात मिळवा, आता मित्र व्हा' असे सांगितले जाते. बरोबरीच्या भांडणात हा उपाय उत्तम आहे. जेथे बळ विषम आहे, तेथे तो घातक ठरतो. दुबळ्या मुलाला छळणाऱ्यासमोर तक्रार पुन्हा उच्चारावी लागते, आणि बाहेर पडल्यावर त्याची वसुली होते. म्हणून दोघांशी वेगवेगळे बोलावे. छळणाऱ्याच्या पालकांना बोलावताना आरोपीच्या घरच्यांना बोलावल्याचा सूर नसावा. आणि आठवड्याने, पंधरवड्याने, महिन्याने पुन्हा विचारावे. पहिल्या बैठकीनंतर बहुतेक प्रकरणे मिटल्यासारखी दिसतात. ती मिटली की लपली, हे तिसऱ्या बैठकीत कळते. वर्गातल्या दोन-तीन वजनदार पण सुस्वभावी मुलांना विश्वासात घेऊन 'याला खेळात घ्या' एवढेच सांगणे, हा फिनलंडच्या कार्यक्रमातला उपाय कुठल्याही वर्गात करता येतो.

आणि मधली सुट्टी. बर्गेनच्या अभ्यासात सुट्टीच्या वेळी आवारात जितके अधिक शिक्षक, तितका छळ कमी, असे आढळले होते. आपल्या शाळांत सुट्टीची पाळी ही पुष्कळदा कनिष्ठ शिक्षकाच्या गळ्यात पडते, आणि तो बिचारा एका हातात चहाचा पेला व दुसऱ्या हातात तपासायच्या वह्या घेऊन व्हऱ्हांड्यात उभा असतो. फिनलंडच्या त्या कार्यक्रमात शाळांना जे साहित्य दिले जाते, त्यात पाठ, पुस्तिका आणि संगणकीय खेळ यांच्यासोबत भडक रंगाच्या बिनबाह्यांच्या जाकिटांचाही समावेश आहे. सुट्टीत मैदानावर फिरणाऱ्या शिक्षकांनी ती अंगावर घालायची असतात, म्हणजे मैदानाच्या दुसऱ्या टोकाला एकट्या उभ्या असलेल्या मुलालाही शिक्षक कुठे आहेत ते दुरून दिसते.